मित्राची स्कूटर आणि माझं घर

मी चंद्रपूर डेपोत ड्रायव्हर होतो तेव्हा आमच्यात एक रीत होती. कोणी कर्ज काढलं की जामीनदार म्हणून सही करा, असं तोंडानं मागायचं नाही. कागद नुसता पुढं सरकवायचा. पान पुढं केल्यावर कोणी नको म्हणतं का? तसंच हे. मी इतक्या लोकांना जामीन होतो की माझ्या सह्या एकीपुढे एक मांडल्या असत्या, तर बल्लारपूरपर्यंत रस्त्याला निळा पट्टा मारून झाला असता.

अशात भद्रावतीला दोन खोल्यांचं घर विकायला निघालं. मागं विहीर, पुढं पेरूचं झाड. बायकोनं घर पाहिलं आणि परत येताना चंद्रपूरपर्यंत एक शब्द बोलली नाही. आमच्या संसारात ती गप्प बसली ती तेवढीच. मी ओळखलं, हे घर घ्यावं लागणार. इसार दिला. मालकानं दिवाळीपर्यंत मुदत दिली, कारण दुसरं गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन त्याच्या ओसरीवर बसूनच होतं. मुदत चुकली की घर गेलं आणि इसारही गेला.

गृहकर्जासाठी बँकेत गेलो. तिथले साहेब तरुण होते. शर्टाची इस्त्री इतकी कडक की ते वळले की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. त्यांनी कम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचं नाव थकबाकीत आहे."

"मी तर कधी कर्जच काढलं नाई, सायब."

"एका स्कूटरच्या कर्जाला जामीन आहात. बँक दुसरी आहे, पण आता सगळ्या बँकांची माहिती एका ठिकाणी जमा होते. ते कर्ज मिटल्याशिवाय तुम्हाला कर्ज मिळणार नाही."

"सायब, आलापल्लीच्या जंगलात वाघ मले उठून साइड देते, अन् तुमी एका स्कूटरवर अडवता?"

"वाघाला कुठं कर्ज द्यायचं असतं," साहेब म्हणाले आणि माझा अर्ज बाजूला ठेवला.

ती स्कूटर आमच्या डेपोतल्या जुन्या मेकॅनिकची, माझ्या मित्राची. नोकरी सोडून तो आपल्या गावी, सिरोंच्याला गेला होता आणि तिथं बसस्टँडसमोर चहाचं हॉटेल चालवत होता. आमची गाडी सिरोंच्याला मुक्कामी जायची. दर महिन्याला तो हप्त्याचे पैसे आमच्या कंडक्टरजवळ द्यायचा. दुसऱ्या दिवशी गाडी चंद्रपूरला लागली की कंडक्टर धावत जाऊन स्टँडसमोरच्या बँकेत भरून यायचा. मी स्टिअरिंगवर बसून हे डोळ्यांनी पाहिलेलं. मग थकबाकी आली कुठून? एकच उत्तर सुचत होतं आणि ते गिळवत नव्हतं. या कंडक्टरबरोबर मी किती वर्षं एका डब्यात जेवलो होतो.

दुसऱ्या दिवशी सिरोंच्याला निघालो. त्या रस्त्याचे खड्डे असे की एकात उतरलेली बैलजोडी दुसऱ्यातून वर येताना मी पाहिली आहे. एरवी मी प्रत्येक खड्ड्याला नाव ठेवत जायचो. त्या दिवशी तोंडच उघडलं नाही. रस्त्याकडेची सागाची झाडं वाकून पाहत असतील, आज ड्रायव्हर बदलला काय म्हणून.

"भाऊ, तब्येत बरी नाई का?" कंडक्टरनं दोनदा विचारलं.

"बरी हाये."

सिरोंच्याला चहा पुढं आला, तसं मी मित्राला सगळं सांगितलं. कंडक्टर शेजारीच बसला होता. त्याच्याकडे मात्र पाहिलं नाही. मित्रानं हात पुसले आणि आतून बिस्किटाचा डबा आणला. आत हप्त्यांच्या पावत्या, सगळ्यांवर बँकेचा शिक्का.

"अय्यो, एक हप्ता चुकवला नाई, भाऊ. शेवटचाबी भरला."

म्हणजे पैसे कोणी खाल्ले नव्हते. माझ्या छातीवरची अख्खी बस खाली उतरली. पण पावत्या खऱ्या, तर कम्प्युटर खोटा कसा? मी कंडक्टरकडे वळलो.

"काय बे, तू पैसे भरत होता कुठी?"

"बँकेत."

"कोणत्या खिडकीवर?"

"मोकळ्या."

"मोकळ्या म्हणजे?"

"कर्जाच्या खिडकीवर ही मोठी लाइन राहे. बचतखात्याच्या खिडकीवर कोणीच नाई. बँक एकच, बचतखातं याचंच, पैसा याचाच. म्हटलं, आतमधी देतील इकडून तिकडं. अन् बाहेर तुमी हॉर्न वाजवून राह्यले, वाजवून राह्यले. मी लाइनीत उभा राहू कसा?"

मित्रानं डबा बंद केला. "म्हणजे इतकी वर्षं मी कर्ज बुडवत होतो, का बचत करत होतो?"

"दोन्ही," मी म्हणालो.

बँकेच्या नोटिसा, माझ्या नावाच्यासुद्धा, त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या, म्हणून कोणाला पत्ताच लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्याच गाडीनं चंद्रपूरला आला. बचतखातं कोंबडीसारखं अंड्यावर बसून होतं. डेपोतल्या पगाराचे उरलेले पैसे, त्यात हप्ते आणि वर व्याज, असं चांगलं फुगलेलं. त्यातून स्कूटरचं कर्ज फिटलं, दंडही फिटला आणि वर जे उरलं त्यात त्यानं हॉटेलसाठी नवी शेगडी घेतली. बाकी काही नसल्याचं पत्र बँकेनं मला दिलं.

गृहकर्जाच्या साहेबांनी ते पत्र तीनदा वाचलं. म्हणाले, नावावरचा डाग लगेच पुसला जाणार नाही, पण पत्र जोडून वर पाठवतो. दिवाळीच्या आठवडाभर आधी मंजुरी आली. मालकाच्या ओसरीवरचं गिऱ्हाईक उठून घरी गेलं.

"आता एक जामीनदार आणा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निम्मा डेपो बँकेत. साहेबांनी एकच मागितला होता, असं सांगितल्यावर लोक जरा नाराज झाले. शेवटी कंडक्टरनंच सही केली. तो कोणाला पुढं येऊ देईना.

बायको शेजारीच होती. तिनं त्याला सही करू दिली. मग साहेबांना विचारून हप्त्याची खिडकी कोणती ते पाहून आली, तिथल्या बाईंचं माहेर कोणतं तेही विचारून आली, आणि परत येऊन आम्हा दोघांना म्हणाली, "हप्ता मी भरत जाईन. तुमी दोघं गाडीच चालवा."