सासऱ्यांचा डबा आणि तेलविहिरीचं पाणी

तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर पाणीही वर येतं. जमिनीखालचे क्षार विरघळलेलं, कधीकधी समुद्राहूनही खारट. ते पोलादी पाइप आणि टाक्या आतून कुरतडतं. आमच्या नाशिकच्या छोट्या प्रयोगशाळेत तसंच खारं पाणी बनवायचं, त्यात पोलादाच्या पट्ट्या बुडवायच्या आणि गंज मोजायचा, ही माझी नोकरी.

"म्हणजे तुला मिठाच्या पाण्यात पट्ट्या बुडवायचा पगार मिळतो?" सासऱ्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

ते ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. धातूबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. गेल्या उन्हाळ्यात असाच वाद पेटला आणि त्यांनी कामावर नेत असत तो जेवणाचा जुना डबा माझ्यापुढे आपटला.

"याला काय होतंय? स्टेनलेस आहे!"

"बाबा, स्टेनलेसही गंजतं. वरून चकचकीत दिसतं आणि बारीक भोकं पाडत आत जातं."

"आण तुझं पाणी!"

मी कॅनभर आणलं. त्यांनी डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवला. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू खाली येऊन सासूबाईंना म्हणाल्या, "कैरी विरघळली का हो सगळी? आणि मीठ फारच झालंय." लोणचं समजून त्यांनी बोट बुडवून चाटलं होतं. तेव्हापासून डब्यावर चिठ्ठी आली: 'प्रयोग चालू आहे. चाखू नये.'

दोन महिन्यांनी बाबांनी डबा रिकामा केला, घासला. लखलखीत! त्यांनी लगेच सोसायटीतल्या सगळ्या निवृत्त मंडळींना खालच्या बाकांवर गोळा केलं आणि डब्यात ताक ओतलं.

"पिऊ नका हं," मी म्हणाले.

"पीत नाही, दाखवतोय." डबा मांडीवर घेऊन त्यांनी पोलादावर भाषण सुरू केलं.

पाचेक मिनिटांत त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर ओला डाग पसरू लागला. शेजारी बसलेले निवृत्त मास्तर त्यांच्या कानाशी वाकले. "जरा घरी जाऊन येता का? वयाप्रमाणे होतं असं. लाजायचं नाही."

"काय होतं?" बाबांनी खाली पाहिलं. "अहो, मी नाही, डबा!"

"हो हो, डबाच," मास्तर समजूतदारपणे म्हणाले.

बाबांनी चिडून डबा उंच धरला. घासताना भोकात अडकलेला गंज निघून गेला होता आणि बुडातून ताकाची बारीक धार लागली होती, शिवणीच्या दोऱ्याएवढी. मला इतकं हसू आलं की मी एका स्कूटरच्या आड जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत ते डब्याचं बूड उलटंसुलटं करून पाहत होते. मग चहाच्या वेळी हळूच विचारलं, "मग तुम्ही त्या पाइपांना वाचवता कसं?"

मी सांगितलं. पाण्यात काय औषध सोडतात, आतून कसला लेप देतात, सगळं. इतकी वर्षं त्या घरात राहून माझं काम मी पहिल्यांदाच कुणाला नीट सांगत होते. त्यांचा चहा गार झाला.

सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आले. डब्याच्या बुडाचा भोक पडलेला तुकडा मी मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्यांनी डोळा लावला.

"अगं, ही तर विहीर आहे!" ते ओरडले, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी मला माझ्याच मायक्रोस्कोपजवळ फिरकू दिलं नाही.