मुलींना भूक कमी लागते

आमच्या हॉस्टेलच्या गोष्टी कोणी मुद्दाम जमवल्या नाहीत. माळ्यावर जुनी भांडी साचतात तशा त्या साचत गेल्या. शकुन, पुष्पा आणि मी अजूनही अधूनमधून भेटतो. एकीनं एक गोष्ट काढली की बाकीच्या खडखडत आपोआप खाली येतात. ऐकणारे हसतात. मला मात्र अजून संतापच येतो.

परवा ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, तुमच्या वेळच्या कॉलेजच्या मुली काय तब्येतीच्या होत्या, खाणंपिणं सकस, व्यायाम भरपूर, आताच्या पोरींचं काही खरं नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पंखा लावला आणि सांगायला सुरुवात केली. तेच तुम्हालाही सांगते.

साल बहात्तरचं. नागपुरातल्या एका कॉलेजचं मुलींचं हॉस्टेल, एका खोलीत आम्ही तिघी. मी सावनेरकडची, घरी शेती. शकुन उमरेडच्या बाजूच्या खेड्यातली, तिच्याही घरी शेती, वर गोठाभर म्हशी. उंच, हाडापेरानं मजबूत, मोठ्यानं बोलणारी. पुष्पा गोंदियाची, वडील रेल्वेत. छप्पन साली नागपूरला येऊन दीक्षा घेतलेलं बौद्ध घर, आणि त्या घरातून कॉलेजात आलेली ही पहिली मुलगी. बोलायची कमी, वाचायची आम्हा दोघींपेक्षा जास्त.

आणि आमच्यावर रेक्टरबाई. चांगल्या शिकलेल्या होत्या, कडक इस्त्रीची साडी नेसायच्या, आणि आमच्यावर जे काही लादायचं ते "तुमच्या तब्येतीसाठी" लादायच्या.

*

पहिल्याच आठवड्यातली दुधाची गोष्ट. हॉस्टेलमध्ये रोज सकाळी प्रत्येकीला पेलाभर दूध मिळेल, असं आमच्या घरच्यांना सांगितलेलं होतं. मिळायचंही. पण त्या दुधातून पेल्याचा तळ दिसायचा. मी आणि पुष्पा मुकाट्यानं प्यायचो. शकुनला ते जमेना. म्हशींमध्ये वाढलेली पोरगी. ती पेला घेऊन थेट बाईंच्या खोलीत गेली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. बाईंनी समजावलं की शहरातलं दूध असंच असतं, खेड्यातल्या मुलींना सवय नसते म्हणून वेगळं वाटतं.

शकुननं घरी निरोप धाडला. पुढच्या रविवारी तिचे वडील पहाटेची एसटी पकडून दुधाची मोठी किटली घेऊन हजर. धोतर, पागोटं, पायात वहाणा. त्यांनी किटली बाईंच्या टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि अदबीनं सांगितलं, "बाई, ह्याले म्हन्तेत दूध. तुमच्या मानसाले दाखवा एकडाव."

बाईंनी किटलीत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या की दूध उत्तमच आहे, पण इतकं घट्ट दूध मुलींना पचणार नाही. किटली त्यांनी ठेवून घेतली. तो सगळा आठवडा त्यांच्याकडे येणाऱ्या प्रोफेसर मंडळींना बासुंदी मिळाली.

*

त्या वर्षी धान्याची टंचाई होती. रेशनवर मिळेल ते खायचे दिवस, हे आम्हालाही कळत होतं. त्यामुळे मेसच्या कंत्राटदारानं पोळ्या मोजून द्यायला सुरुवात केली तेव्हा कोणी तक्रार केली नाही. सगळ्यांवरच वेळ आली आहे, असं आम्ही समजलो.

दिवाळीच्या आधी शकुनचा चुलतभाऊ तिला भेटायला आला. तो त्याच कॉलेजच्या मुलांच्या हॉस्टेलवर राहायचा. गेटवर उभ्या उभ्या बोलताना जेवणाचा विषय निघाला आणि कळलं की त्यांचाही कंत्राटदार हाच. फीसुद्धा तीच. आणि तिथे पोळ्या पोटभर, वाढपी मागे लागून वाढतो.

शकुन संध्याकाळी ताटावरून उठली आणि कंत्राटदारासमोर उभी राहिली. टंचाई फक्त इकडच्याच बाजूला कशी, असं तिनं विचारलं. तो माणूस मुळीच गडबडला नाही. शांतपणे म्हणाला, "लड़कियों को भूख कम लगती है, बेटी."

शकुन परत येऊन बसली आणि तिनं वाढप्याला हाक मारून पोळ्यांचा डबाच शेजारी ठेवायला लावला. त्या संध्याकाळी ती जेवली, ते मी जन्मात विसरणार नाही. डब्यातल्या पोळ्या संपल्या, दुसरा डबा आला, तोही तळाला गेला. आजूबाजूच्या मुली आपलं जेवण सोडून बघत होत्या. कंत्राटदार दारात उभा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला बोलावलं. आम्हाला वाटलं, आता कंत्राटदाराचं काही खरं नाही. बाईंनी शकुनला बसवून घेतलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "असं जेवलीस तर सासरचे काय म्हणतील?"

*

खाणं असं, तर निदान व्यायाम करावा, असं आम्ही ठरवलं. सकाळी गच्चीवर जाऊन दोरीच्या उड्या मारू लागलो. सात-आठ मुली जमायच्या. नागपूरची हिवाळ्यातली सकाळ, अंगात ऊब आली की दिवसभर बरं वाटायचं. पुष्पाचं डोकं सारखं दुखायचं, तेही कमी झालं होतं.

मग समोरच्या इमारतीच्या गच्चीवर काही पुरुषांना सकाळी सकाळी दात घासायची आवड निर्माण झाली. ब्रश तोंडात, नजर इकडे. आम्ही बाईंकडे तक्रार केली. बाईंनी त्याच दिवशी कुलूप मागवलं. आमच्या गच्चीला. बघणारे ते, आणि कोंडलेल्या आम्ही!

आम्ही प्राचार्यांना भेटलो. कॉलेजचं मैदान मोठं होतं, आम्हाला संध्याकाळी थोडा वेळ पळू द्या म्हटलं. प्राचार्यांनी आनंदानं होकार दिला, मुलींनी खेळलंच पाहिजे असं छोटं भाषणही केलं, आणि बुधवार आमचा ठरवून दिला.

बुधवारी आम्ही पदर खोचून मैदानावर गेलो. सगळीकडे घोटाभर पाणी. क्रिकेटच्या पिचसाठी माळी दर बुधवारी मैदान भिजवायचा, आणि म्हणून मुलं त्या दिवशी येत नसत.

शकुन म्हणाली, "आता आलो ना, मंग पळू." ती पळाली. अर्ध्या फेरीत घसरली आणि पाय मुरगळून बसली.

*

त्या पायाचीच पुढची गोष्ट. कॉलेजचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा हॉस्टेलवर यायचे. मुलींच्या रांगेकडे ते मान वर करूनसुद्धा बघत नसत. मला खोकला होता, पुष्पाचं डोकं गच्ची बंद झाल्यावर पुन्हा दुखायला लागलं होतं, आणि शकुनचा घोटा भोपळ्याएवढा सुजलेला. आम्ही तिघी एकामागे एक उभ्या राहिलो. तिघींना एकाच मोठ्या बाटलीतून तेच गुलाबी औषध ओतून मिळालं. मला सांगितलं, अशक्तपणा आहे. पुष्पालाही अशक्तपणा. शकुन लंगडत पुढे गेली तर तिलाही अशक्तपणा, वर हेही की लग्न झालं की या सगळ्या तक्रारी जातात.

शकुननं बाटली उजेडात धरून पाहिली. "डॉक्टरसाहेब," तिनं विचारलं, "हे पायाले लावाचं का प्याचं?"

डॉक्टर पुढच्या मुलीची बाटली भरत होते. म्हणाले, "कसंही चालेल."

*

हसू नका, कारण याच डॉक्टरांनी पुष्पालाही हाच अशक्तपणा ठरवला, आणि तो अशक्तपणा नव्हता.

मार्च लागला आणि पुष्पाला जेवण जाईना. अन्नाचा वास आला तरी उलटी. ती दोनदा रांगेत उभी राहिली, दोनदा गुलाबी बाटली घेऊन आली. एका सकाळी ती खिडकीपाशी केस विंचरत होती. मी सहज तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे हळदीसारखे पिवळे. आम्ही तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. कावीळ. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या आणखी दोघी आजारी पडल्या.

पुष्पाचे वडील आले. तिचा हात धरून, तिला गोंदियाच्या गाडीत बसवून घेऊन गेले. स्टेशनवर आम्ही दोघी होतो. खिडकीतून तिनं हात हलवला तो हातही पिवळा दिसत होता. ही मुलगी परत येते की नाही, असं वाटून मी तिथेच रडले.

हॉस्टेलवर आलो तर बाईंनी सूचना लावलेली होती. मुलींनी बाहेरची पाणीपुरी खाऊ नये. पुष्पानं उभ्या वर्षात पाणीपुरी खाल्ली नव्हती. शकुनचं डोकं फिरलं. बरा झालेला पाय हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर ठेवून ती वर चढली, मागून मी. टाकीला झाकण नव्हतं. आत मेलेलं कबुतर तरंगत होतं, पिसं सुटी झालेली. ते पाणी आम्ही सगळ्या पीत होतो.

आम्ही बाईंना सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, टाकीवर चढायची परवानगी कोणी दिली? आमच्या घरी निरोप गेले. माझे वडील कापसाचं काम टाकून सावनेरहून आले. बाईंनी त्यांना समोर बसवलं आणि मुलगी कशी हाताबाहेर गेली आहे, शिडीवर चढते, रस्त्यावरून लोक बघतात, हे सगळं सविस्तर सांगितलं. मी कोपऱ्यात उभी. वडील मान खाली घालून ऐकत होते. बाईंचं संपल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"पोरगी टाकीवर चढली, हे समजलं मले," ते म्हणाले. "आता कबुतर काढलं का नाही, थे सांगा."

दुपारी टाकी उपसली.

*

पुष्पा परत आली. वाळून गेली होती, पण आली. सरकारी दवाखान्यातून तिला पाणी उकळूनच प्यायचं असं सांगितलेलं होतं. तिन्ही आजारी मुलींसाठी बाईंनी वेगळा माठ आणि वेगळे ग्लास ठेवायला लावले, तेही मला पटलं. साथीच्या रोगात ते करावंच लागतं.

पंधरवडा गेला. वरच्या मजल्यावरच्या दोघी बऱ्या झाल्या आणि त्यांचे ग्लास मेसमध्ये परत गेले. पुष्पाही बरी झाली. तिचा ग्लास मात्र परत गेला नाही. माठही गेला नाही. उलट तो व्हरांड्यातल्या माठांच्या रांगेतून हलवून हॉलच्या दाराबाहेर, चपलांच्या शेजारी नेऊन ठेवला. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, तिच्याच तब्येतीसाठी. शकुन भांडायला निघाली होती. पुष्पानं तिचा हात धरून तिला बसवलं. "राहू दे वं," एवढंच म्हणाली. रोज सकाळी ती स्टोव्हवर पाणी उकळायची, फडक्यानं गाळायची, चपलांजवळच्या माठात भरायची आणि त्यावर झाकणी ठेवायची.

परीक्षेच्या आधी हॉलमध्ये व्याख्यान ठरलं. विषय, विद्यार्थिनींचं आरोग्य. सरकारी दवाखान्यातल्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. बाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं. बोलता बोलता डॉक्टरीणबाईंना ठसका लागला आणि त्यांनी पाणी मागितलं. बाईंनी स्वयंपाकघराकडे हात केला. तिकडून कोणी हलेपर्यंत दाराशी बसलेली पुष्पा उठली, आपल्या माठातून आपला ग्लास भरला आणि टेबलापाशी घेऊन गेली.

बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. स्वयंपाकघरातून येतंय, जरा थांबा, असं काहीतरी म्हणाल्या. तोवर डॉक्टरीणबाईंनी ग्लास रिकामा केला होता. पाणी चांगलं आहे, उकळलेलं आहे का, असं त्यांनी विचारलं. पुष्पानं सांगितलं, रोज उकळते, गाळते, झाकून ठेवते. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मी मघापासून हेच सांगते आहे, असं आम्हा सगळ्यांना म्हणाल्या आणि मग विचारलं, तुम्ही सगळ्या असंच पाणी पिता ना?

मागच्या रांगेतून शकुन उभी राहिली.

"नाही मॅडम. थो माठ एकट्या पुष्पाचा हाये. आजार गेला, बाकीच्यांचे ग्लास परत गेले. तिचा बाईंनी येगळाच ठेवला, तिकडे चपलांपाशी."

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं. माठ तिथून दिसत होता. मग पुष्पाकडे पाहिलं, तिचं नाव-गाव विचारलं. मग आमच्या बाईंकडे पाहिलं, आणि पुष्पाच्या हातात ग्लास परत देत म्हणाल्या, "आणखी एक आण बेटा. यांच्यासाठी."

पुष्पानं ग्लास विसळला, भरला आणि बाईंच्या पुढे धरला.

बाई म्हणाल्या, "आज माझा उपास आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपासाला पाणी चालतं."

बाईंनी ग्लास घेतला. मग प्यायल्या, सगळा.

पुष्पानं रिकाम्या ग्लासासाठी हात पुढे केला आणि विचारलं, "अजून देऊ का, बाई?"