आपाने मोडलेलं स्थळ

फखरुन्निसा परकार, म्हणजे आमची आपा, भांडखोर आहे असं ऑफिसात सगळे म्हणतात. मीही म्हणते, पण कौतुकाने. मूळची दापोलीकडची, आता कुवेतला महबूल्यात राहते. तिथल्याच एका खाजगी विद्यापीठात ती संशोधन विभाग बघते, शेजारच्या टेबलावर मी अकाउंट्स. युरोपच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांसाठी भागीदार शोधणं हे तिचं मुख्य काम. तिकडे एकट्यादुकट्या संस्थेला कोणी विचारत नाही, निरनिराळ्या देशांनी मोट बांधून अर्ज करायचा. त्यातही कुवेतला सहसा पैसे मिळत नाहीत. पदरमोड करून सामील व्हायचं आणि वर उपकाराखाली राहायचं! आपाला ते कधीच मान्य नव्हतं.

यंदा तिने विषय घेतला कामगारांच्या खोल्यांमधल्या उष्णतेचा. तिचा भाऊ अशरफ मीना अब्दुल्ला नावाच्या कारखान्यांच्या भागात वेल्डर आहे. उन्हाळ्यात त्याच्या खोलीतला एसी बंद पडला की माणसं जिन्यात झोपतात. त्या बिल्डिंगमध्ये तापमापक लावू द्यायला कोणी तयार नव्हतं. आपा दारोदार गेली, शब्द दिला, "जे निघेल ते आधी तुम्हाला सांगेन, तुमच्या भाषेत." तेव्हा कुठे दारं उघडली.

मग एक मोठं युरोपीय विद्यापीठ भागीदारीसाठी आपणहून चालून आलं. आमचे डायरेक्टर देवेंद्र सबनीस हवेतच गेले. खोल्यांमधल्या तापमानाच्या नोंदी आम्ही द्यायच्या, बाकी सगळं ते बघणार. कामगारांना निष्कर्ष सांगण्याचं काम मात्र त्यांनी अर्जाच्या मसुद्यातून सफाईने गाळलं होतं.

स्थळ आलं की कोकणात करतात तेच आपाने केलं. चौकशी! त्या विद्यापीठाच्या जुन्या भागीदारांना एकेक करून फोन लावले. ट्यूनिसच्या एक बाई तर रडायच्याच बाकी होत्या. त्यांच्या नोंदी घेतल्या आणि नंतर ईमेललाही उत्तर नाही.

व्हिडिओ मीटिंगमध्ये आपाने सरळ सांगितलं, गाळलेलं काम परत घाला आणि ते आमच्याकडे द्या. पलीकडचे प्रोफेसर हसून म्हणाले, ते नंतर बघू.

"मग नोंदीही नंतरच बघा," आपा म्हणाली. खोलीवाल्यांची संमती तिच्या शब्दावर होती, त्यामुळे तिच्याशिवाय नोंदी हलणार नव्हत्या.

सबनीस खवळले. "अहो आपा, असं स्थळ पुन्हा येतं का? सही करायची, फोटो काढायचा, मोकळं व्हायचं!"

"फोटोत तुम्ही असाल, सर. त्या दारात मला उभं राहायचंय."

पुढे तो प्रकल्प मंजूर झाला, आमच्याशिवाय. सबनीसांनी ती बातमी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. माझं डोकं असं भडकलं की काय सांगू! आपा मात्र शांतपणे प्रिंटरकडे गेली. शुक्रवारी अशरफच्या जिन्यात मल्याळम, बंगाली आणि हिंदीत कागद लागले, कुठल्या खोलीत किती उष्णता ते लिहिलेले. ते दाखवून खोलीवाले बिल्डिंगच्या हारिसशी, म्हणजे रखवालदाराशी, एसीसाठी भांडायलाही लागले.

गेल्या आठवड्यात ट्यूनिसच्या बाईंचा फोन आला. पोर्तुगालच्या एका छोट्या विद्यापीठाबरोबर त्या नवा अर्ज करत होत्या. उष्णतेचं सगळं काम कुवेतकडे देतो, याल का, असं त्या विचारत होत्या. सबनीस दारातूनच "हो म्हणा, हो म्हणा" अशा खुणा करायला लागले.

आपाने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"आधी माझी चौकशी करा," ती फोनवर म्हणाली. "माझ्या डायरेक्टरकडे नको. मी नंबर देते, त्या जिन्यात कोणालाही विचारा."