घरगुती हिंसाचार विभाग, जिना चढून डावीकडे

आमच्या ऑफिसात फायलींना कपाट आहे, गोष्टींना नाही. त्या नुसत्या साठत जातात आणि दुपारी डबे उघडले की बाहेर पडतात. घरी सांगायची सोय नाही. एकदा मी नवऱ्याला एक सांगितली, तर बिचारा आठवडाभर माझ्याशी फार जपून बोलत होता! तेव्हापासून घरी मी फक्त भाजीचं बोलते.

मी तालुक्याची संरक्षण अधिकारी. लग्नकार्यात हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे मिलिटरीत का?" मी म्हणते, "नाही हो, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी असते." हे ऐकलं की समोरचा पंगतीत जागा शोधायला लागतो!

आम्ही तिघं. मी, आमची समुपदेशक नसरीन आणि शिपाई दत्ताराम काका. रायगडच्या किनाऱ्यावरचा आमचा तालुका कोणता, ते मुद्दाम सांगत नाही. बायकांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेलच.

*

पहिल्याच वर्षी आम्हांला वरून एक भलीमोठी पाटी आली. लाल अक्षरांत 'घरगुती हिंसाचार विभाग', खाली बाण, 'जिना चढून डावीकडे'. काकांनी ती इमारतीच्या तोंडावरच ठोकली. पार एसटी स्टँडवरून वाचता यायची. आम्ही खूश!

महिना गेला आणि येणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या.

नसरीन खिडकीतून बघत बसायची. एक बाई दोनदा आली, जिन्यापाशी थबकली आणि सरळ पुढे शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा नसरीन खाली उतरली आणि तीही झेरॉक्सला आल्यासारखी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

बाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "समोर रिक्षा स्टँड हाय. तिसरी रिक्षा आमच्या ह्यांची."

मग जरा थांबून म्हणाली, "पाटी एवढी मोठी लावलीत, ती आमाला दिसावी म्हणून, का त्यांना?"

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. आता लसीकरणाच्या दिवशी नसरीन आरोग्य उपकेंद्रात जाऊन बसते. बाळाला कडेवर घेऊन निघालेल्या बाईला कुठे चाललीस, असं कोणी विचारत नाही.

*

पोलीस ठाण्यातले हवालदार गायकर म्हणजे अगदी मृदू माणूस. बायकांना आधी खुर्ची देणार, पाणी देणार, मग बोलणार.

सुरेखा नावाची एक बाई सकाळी एकटीच ठाण्यात गेली. गायकरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. आणि नवऱ्याला फोन लावला. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून हजर! गायकरांच्या पाया पडला. गायकरांनी दोघांना शेजारी बसवून संसारावर चार शब्द सांगितले, चहा पाजला आणि मला फोन केला, "मॅडम, तुमचं काम वाचवलं! पंधरा मिनिटांत मिटवली केस!"

दुसऱ्या दिवशी सुरेखा ग्रामीण रुग्णालयात होती. जबडा मोडलेला. बोलता येत नव्हतं, पातळ पेज नळीतून द्यावी लागत होती.

मी गेले तर वॉर्डाबाहेर गायकर बसलेले. ड्यूटी नव्हती, साधे कपडे. मला बघून उठले नाहीत.

"मॅडम," म्हणाले, "ती आल्या आल्या पहिलं वाक्य काय बोलली, माहितेय? 'साहेब, त्याला कळवू नका.' मी ते डायरीत लिहून घेतलं. माझ्या हातानं लिहिलं. आणि मग फोन लावला."

*

त्याच रुग्णालयात नंतर एक सिस्टर बदलून आल्या. बुटक्या, तोंडाळ, कोणाला न जुमानणाऱ्या. बायका यायच्या, कोणाचा हात सुजलेला, कोणाचा डोळा. आणि खाटेच्या उशाशी नवरा. सिस्टरनी काहीही विचारलं की उत्तर नवऱ्याचंच, "पायरीवरून पडली." किंवा, "न्हाणीत घसरली." डॉक्टर तेच कागदावर उतरवायचे.

सिस्टरनी नवाच नियम काढला. अशी बाई आली की एक्स-रे. एक्स-रेच्या खोलीत पेशंटशिवाय कोणी नाही. "किरणं असतात!" असं त्या एवढ्या जोरात ओरडायच्या की नवरे दोन पावलं मागेच सरायचे.

आत दहा मिनिटं. बाहेर येईपर्यंत सिस्टरच्या वहीत सगळं उतरलेलं असायचं. कोणी मारलं, कशानं, घरात लहान मुलं किती, आज परत घरी जायला भीती वाटते का. तिथून मला फोन.

एकदा एक नवरा चिडला. "डोळ्याला लागलंय तर एक्स-रे कशाला?"

"आतून बघावं लागतं," सिस्टर म्हणाल्या.

मी एकदा त्यांचं कौतुक करायला गेले. म्हटलं, "मशीनचा एवढा उपयोग कोणीच केला नसेल!"

सिस्टर म्हणाल्या, "मशीन कुठलं? ते आठ महिने बंद आहे. खोली चालू आहे."

*

लक्ष्मीची गोष्ट नसरीन कधी सांगत नाही. मीच सांगते.

लक्ष्मीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. आतल्या गावातलं भातशेतीवालं घर, नवरा मुंबईला कामाला. अंगणवाडीच्या ताईंनी तिच्या पाठीवरचे वळ बघितले आणि आम्हांला कळवलं. आम्ही बोलावलं, तर सासू घेऊन आली. सासूच्या हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी घरचे पोहे!

नसरीन विचारायची, सासू हातवारे करून लक्ष्मीला सांगायची, लक्ष्मी हातवारे करायची, सासू आम्हांला सांगायची.

"तुला कोणी मारतं का?"

लक्ष्मीचे हात बराच वेळ हलत राहिले. वर, खाली, पाठीकडे, चुलीकडे बोट दाखवावं तसे.

सासू म्हणाली, "काय नाय म्हणते."

असं तीनदा झालं. तीन तारखा, तीन जबाब, तिन्हींवर लक्ष्मीचा अंगठा. 'मला सासरी कोणताही त्रास नाही.' खाली माझी सही.

चौथ्या खेपेला नसरीननं सासूला काकांबरोबर खाली चहाला पाठवलं आणि कर्णबधिरांच्या शाळेतल्या एका बाईंना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल लक्ष्मीसमोर धरला. त्या बाई हातानं बोलायला लागल्या आणि लक्ष्मी खुर्चीतून उठूनच उभी राहिली. तिला असं बोलणारं कोणी लग्नानंतर भेटलंच नव्हतं!

दोघींचं पाच मिनिटं चाललं. मग शाळेतल्या बाईंनी हात खाली घेतले.

"काय म्हणते?" नसरीननं विचारलं.

"तिला मारणारी सासूच आहे. आणि ती विचारतेय, तुम्ही एवढे दिवस मला सोडून सासूलाच का विचारत होता?"

*

एक आजी. सत्तरी ओलांडलेली, काठी टेकत आलेली. मुलगा मारायचा. आम्ही म्हटलं, ज्येष्ठ नागरिकांचं टेबल वेगळं, प्रांत ऑफिसात जा. तिथून तिला पोलिसांकडे पाठवलं, मारहाण आहे ना? पोलिसांनी सांगितलं, आधी दवाखान्याचा दाखला आणा. दवाखाना म्हणाला, पोलिसांचं पत्र आणा.

आजी परत आमच्याकडे आली. जिना चढून आली आणि शेवटच्या पायरीवरच बसली.

"बाय," म्हणाली, "पोरगा मना एका जागी मारतो. तुमी मना किती जागी फिरवता!"

त्यानंतर आम्ही दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एकत्र बसायचं ठरवलं. गायकर, एक्स-रेवाल्या सिस्टर, अंगणवाडीच्या ताई, प्रांत ऑफिसातले क्लार्क, आम्ही दोघी. आपापल्याकडे आलेल्या बायकांची नावं घेऊन यायची आणि वाचायची. आजींचं काम पहिल्याच गुरुवारी झालं. एकाच टेबलावर दाखला, पत्र, अर्ज, सगळं! मुलाला समज मिळाली, आजी मुलीकडे राहायला गेली. आम्हांला वाटलं, हे आधीच का सुचलं नाही?

मग गायकरांनी पुढचं नाव वाचलं. सिस्टर म्हणाल्या, "ही आमच्याकडे चारदा आलीय." ताई म्हणाल्या, "हिची मुलगी अंगणवाडीत भिंतीला चिकटून बसायची, हल्ली आलीच नाही, मी दोनदा वर कळवलंय." मी फाइल चाळली. आमच्याकडेही होती, एक अर्ज, मागे घेतलेला. सगळ्यांनी आपापली पानं टेबलावर ठेवली. पहिल्यांदाच सगळी गोष्ट एका जागी दिसली.

"हिच्याकडे आजच जाऊ या," मी म्हटलं.

दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन काका उभे होते. ती त्यांच्या गावची. म्हणाले, "मॅडम, तिचा आज बारावा दिवस."

*

आता ही माझी.

दीपाली घरातून पळाली ती काशीदला. तिथे एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात तिला काम आणि राहायला खोली मिळाली. मालकीण चांगली होती. दोनच महिन्यांत दीपाली अंगानं भरली, हसायला लागली. मी तिचा अर्ज कोर्टासाठी टाइप केला. नियमाप्रमाणे अर्जाची एक प्रत नवऱ्याला पाठवावी लागते. फॉर्मवर एक रकाना असतो, 'सध्याचा पत्ता'. मला रिकामा रकाना आवडत नाही. मी भरला. होमस्टेचं नाव, गल्ली, जवळची खूण.

ती प्रत मीच पाठवली.

भर दुपारी तो काशीदला पोचला. दीपाली गच्चीवर चादरी वाळत घालत होती. त्याच्या एका हातात आमचा कागद होता आणि दुसऱ्या हातात कोयता. मालकीण ओरडली, पर्यटक धावले, म्हणून ती वाचली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो सध्या आत आहे.

पुढचे आठ दिवस मी जुन्या फायली काढून बसले होते. प्रत्येक फायलीत तो रकाना बघत होते. सगळे भरलेले होते! माझंच अक्षर, माझंच टायपिंग. ज्या बायका दुसरीकडे राहायला गेल्या होत्या त्यांना एकेकीला फोन करून सांगितलं की सावध राहा. दोघींचे फोन लागले नाहीत. आता आम्ही त्या रकान्यात ऑफिसचाच पत्ता टाकतो.

नवा अर्ज करायला दीपाली आली तेव्हा मी तिला हे समजावून सांगितलं. "तुझा पत्ता आता कोणत्याच कागदावर येणार नाही. फक्त आमच्या माहितीसाठी सांगून ठेव."

ती बँडेजचा हात मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे नीट बघून, अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, राग न्हाय माझा. पण ह्या वेळी तुमालाही सांगणार न्हाय."

*

एक मासे विकणारी बाई होती, चाळिशीची. एका सोमवारी रिकामी टोपली घेऊन वर आली.

काकांनी विचारलं, "काय काम?"

"काय न्हाय. बसू?"

पंख्याखालच्या बाकड्यावर बसली आणि पाच मिनिटांत झोपली. बसल्या बसल्या, टोपलीवर हात ठेवून. चारला उठली, तोंड धुतलं आणि गेली. पुढच्या सोमवारी परत आली. तिसऱ्या सोमवारी काकांनी बाकडं भिंतीला सरकवून दिलं, म्हणजे आडवं होता येईल.

महिनाभरानं नसरीननं तिच्याकडून काढून घेतलं. नवरा कंपनीत होता, त्याची सुट्टी सोमवारी. "बाकीचे दिस मी बाजारात आसते. सोमवारी तो घरात आसतो."

"मग तक्रार करू या ना," नसरीन म्हणाली.

"करीन की. झोप झाली का करीन."

एका सोमवारी जिल्ह्याहून साहेब अचानक तपासणीला आले. बाकड्यासमोर थांबले. "ह्या कोण?"

काका म्हणाले, "लाभार्थी."

"कोणत्या योजनेच्या?" साहेबांनी जोरात विचारलं.

"साहेब, हळू बोला, झोपल्यात," काका म्हणाले. आणि साहेब खरंच हळू बोलायला लागले! सगळी तपासणी कुजबुजत झाली.

वर्षभर ती येत होती. तक्रार कधी केली नाही. आम्ही विचारत राहिलो, ती झोपत राहिली.

मागच्या महिन्यात ती आली ती एका मुलीला घेऊन. वीस-बावीसची असेल, अंगावर नवी साडी, हातांत हिरवा चुडा, खालचा ओठ फाटलेला. बाईनं तिला बाकड्याशी नेलं, पदरानं बाकडं पुसलं, पंखा लावला.

"हितं झोप," म्हणाली. "कोन उठवत न्हाय."

मुलगी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

नसरीननं हळूच विचारलं, "ही कोण?"

"घरातलीच हाय," बाई म्हणाली. टोपली डोक्यावर घेतली.

"आतापासून सोमवार हिचा हाय," म्हणाली आणि जिना उतरून गेली.