वाचून दाखवलेला पेपर

आमच्या पुंडलिकनगरच्या शाळेत गणिताचा पेपर बाई मोठ्यानं वाचून दाखवतात. एकेक प्रश्न, दोनदा. मुलं घाबरत नाहीत, पेपर वेळेत संपतो. मीही तेच करत आले. कामं आखून करायची माझी सवय, त्यात हे छान बसायचं.

पाचवीतली एक मुलगी त्या पद्धतीत वर्षभर उत्तम चालली. घरचे सोयगावकडचे, वडील चितेगावला कंपनीत. वार्षिक परीक्षेत ती तापानं पडली, म्हणून जूनमध्ये तिची फेरपरीक्षा घेतली. त्या दिवशी मला दुसरीकडे ड्युटी लागली. वर्गावर नवे सर होते. त्यांनी पेपर दिला आणि खुर्चीत बसले.

तपासायला पेपर माझ्याकडे आला. बेरजा, भागाकार, सगळं बरोबर. शाब्दिक उदाहरणं मात्र कोरी. मी तिला बोलावून त्यातलं एक वाचायला सांगितलं. दुसऱ्याच शब्दावर ती थांबली. तेच मी वाचलं, तर उत्तर लगेच तयार.

पास व्हायला थोडेच गुण कमी पडत होते. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, देऊन टाका, कोण बघतंय. पण सहावीत तिला कोण वाचून दाखवणार होतं? मी गुण वाढवले नाहीत.

निकालाला तिची आई आली. धाकटा भाऊ यंदा पाचवीत येणार, त्याच्या वर्गात ही बसायची नाही, मग घरीच राहील, असं तिनं शांतपणे सांगितलं. मी रोज शाळा सुटल्यावर वाचन घेईन म्हणाले. त्यावर तिनं विचारलं,

"मॅडम, वर्षभर तुमीच पास केलं. मंग एका दिवसात नापास कशी झाली?"



शाळा सुरू झाली तेव्हा भाऊ एकटाच आला. पुढच्या आठवड्यात तीही आली. दाराजवळ, भावाकडे पाठ करून बसली. सुटल्यावर थांबते, वाचते, माझ्याशी बोलत मात्र नाही.

परवा पहिली चाचणी झाली. मी पेपर वाटले आणि गप्प उभी राहिले. वर्ग पेन हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. "मॅडम, वाचा ना," मागून कोणीतरी म्हणालं. एवढी तोंडं वर असतील असं मला वाटलं नव्हतं. फक्त तिची मान खाली होती. पहिल्या ओळीखालून बोट हळूहळू सरकत होतं.