कोपरे नसलेलं कोर्ट

परवा वहिनीच्या नातीचा बॅडमिंटनचा सामना पाहायला आम्ही दोघी गेलो होतो. सोलापुरातलंच सभागृह, पण असं लखलखीत की आपण आपल्याच गावात आहोत यावर विश्वास बसू नये. जमिनीवर हिरवीगार रबरी चटई अंथरलेली, तिला चपलांच्या नव्या दुकानात येतो तसा वास. पंचाहत्तरीला टेकलेली माझी वहिनी कडेला गेली, चपला काढल्या, वाकली आणि बोटांच्या पेरांनी त्या चटईवर टकटक करून पाहू लागली. शेजारच्या बाईंना वाटलं, आजींचं काहीतरी पडलं. मला मात्र हसू आवरेना. वहिनी ओल बघत होती! पन्नास वर्षांपूर्वीची सवय ती, अजून बोटांतून गेलेली नाही. आणि मलाही त्या रबराच्या वासातून, उन्हात तापलेल्या मुरमावर पाणी मारलं की उठतो तो कोमट, गोडसर वास आल्यासारखं झालं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. वहिनी श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतून लग्न होऊन आमच्या घरी आली. मी तेव्हा कॉलेजात होते. नणंदेच्या नात्याने तिच्या ट्रंकेची झडती घेणं हा माझा हक्कच होता. शालूच्या घडीखाली मला लाकडी चौकटीत आवळून ठेवलेली रॅकेट सापडली. वसाहतीत ती मुलांनाही हरवायची म्हणे. शटल मागच्या कोपऱ्यात नेमकं टाकायचं, हा तिचा हुकमी फटका. सांगता सांगता तिचा चेहरा असा उजळला, आणि मग असा विझला, की मला राहवेना. मी थेट अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, परसात कोर्ट करायची परवानगी मागायला गेले.

परस म्हणजे अण्णांचा जीव. काळी कसदार माती, त्यात वांगी, अंबाडी, मिरच्या. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "घ्या जागा. पण दिवाळीपर्यंत टिकलं तर सूनबाईचं. नाही टिकलं तर परत माझी भाजी, आणि मग रॅकेटचं नाव काढायचं नाही." वहिनी दाराआडून ऐकत होती. तिने मान हलवली, पण पदराचं टोक किती घट्ट मुठीत धरलं होतं ते मी पाहिलं.

आम्हाला काय, अंगण सारवायची सवय! होळीच्या सुमारास जमीन सारखी केली, चोपली, वरून शेणाचा हात फिरवला. आठ दिवस कोर्ट कसं आरशासारखं दिसत होतं. चैत्राचं ऊन तापलं आणि मातीने आपला गुण दाखवला. आधी केसाएवढी रेघ, मग बोटभर, मग हात जाईल एवढी भेग. एकदा तर वहिनीने मारलेलं शटल भेगेत गेलं ते गेलंच. अण्णा पायरीवरून म्हणाले, "यंदा कांदे लावावेत म्हणतो." वहिनी हसली नाही. त्या दिवशी तिने रॅकेट पुसली आणि पुन्हा शालूखाली ठेवली. मला फार अपराधी वाटलं. ही आशा तिच्या मनात मीच लावली होती.

आमच्या गाईसाठी कुंभारीहून एक म्हातारे मामा बैलगाडीतून कडबा आणायचे. त्यांनी भेगांकडे पाहिलं आणि तोंडातली तंबाखू बाजूला थुंकून म्हणाले, "काळं रान हाय ते, ताई. उन्हाळ्यात तोंड वासतंय, पावसाळ्यात फुगून बसतंय. वरनं कितीबी सारवा."

"मग काय करायचं?" वहिनीने विचारलं.

"काळं उपसायचं. मुरूम भरायचा, पाणी पाजायचं, बैलं फिरवायची. खळं करतो तसं. माझी आख्खी हयात खळी करण्यात गेली की!"

ज्यांनी खळं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मळणीच्या आधी शेतात जमीन ओली करून, मधोमध तिवडा म्हणजे एक खांब रोवून, त्याभोवती बैल फिरवत फिरवत ती दगडासारखी घट्ट करतात. मामांवर काम सोपवून आम्ही दोघी चार-पाच दिवस श्रीपूरला तिच्या माहेरी गेलो. परत आलो ते धावतच परसात. आणि थबकलो. लालसर मुरमाची सुरेख, गुळगुळीत, ठणठणीत जमीन. पण गोल! चंद्रासारखी गोल, आणि मधोमध तिवडा.

"मामा, हे गोल हो का केलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

मामा चकित. "आन् खळं चौकोनी कुटं आसतंय व्हय? बैल कोपऱ्यात वळत न्हाय की, ताई!"

वहिनी मटकन पायरीवर बसली. डोळे भरून आले होते. मग मामांचं ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात शिरलं असावं, कारण ती अशी हसत सुटली की हसणं कुठलं आणि रडणं कुठलं, कळेना.

चुन्याच्या रेघा आखल्या तेव्हा चारही कोपरे वर्तुळाबाहेर, काळ्या मातीत गेले. तिवडा आम्ही काढलाच नाही. जाळं त्यालाच मध्ये बांधलं, त्यामुळे ते कधी लोंबलं नाही. पुढे पाऊस आला. रोज सकाळी वहिनी वाकून पेरांनी टकटक करायची आणि कान देऊन ऐकायची. भोवतीची काळी माती फुगली, चिखल झाली, पण खळं जागचं हललं नाही. दिवाळीच्या पाडव्याला अण्णा धोतराचा सोगा खोचून स्वतः खळ्यावर उतरले, टाच आपटून पाहिली, आणि हात पुढे करून म्हणाले, "आण ती रॅकेट. धरायची कशी ही?" सुनेने सासऱ्याला रॅकेट धरायला शिकवली, तो दिवस आमच्या घरातला माझा सगळ्यात आवडता सण.

अण्णांनी आपला हिस्सा मात्र सोडला नाही. चारही कोपऱ्यांत मिरच्या लावल्या. शटल तिकडे पडलं की पायरीवरून पंचाचा निवाडा यायचा, "काळ्यात!" म्हणजे गुण गेला, आणि वर रोप मोडलं तर बोलणी. बिचाऱ्या वहिनीचा हुकमी फटका त्या घरात बादच ठरला. मग ती जाळ्यालगत हलकेच शटल सोडायला शिकली, आणि गल्लीतल्या पोरीबाळींना पंधरा वर्षं हरवत राहिली.

आता तिथे दुमजली घर आहे, खाली गाड्या लागतात. अण्णा नाहीत, मामाही केव्हाच गेले. फरशीखाली ते मुरमाचं वर्तुळ अजून तसंच असेल, असं मला उगाचच वाटतं.

सभागृहात सामना रंगला होता. शेवटच्या गुणाला नातीने उंच उडी घेऊन शटल मागच्या कोपऱ्यात, अगदी रेघेलगत टाकलं. वहिनी ताडकन उभी राहून ओरडली, "काळ्यात!"

सगळे वळून पाहू लागले. टाळ्या तर पडतच होत्या. वहिनीने हिरव्या चटईकडे नीट पाहिलं, हळूच खाली बसली आणि माझा हात घट्ट धरला.

"नाही गं, आत आहे," ती म्हणाली. "ह्या कोर्टाला कोपरे आहेत."