पुतळ्याला दुखतं, पुतळीला न्हाई

गुंद गावच्या पुतळीनं जन्मात कधी "दुखतंय" म्हटलं नाही. रानातून लाकडाचा भारा आणताना पाय मुरगळला, तरी भारा दारात टाकूनच खाली बसली. बाळंतपणातसुद्धा कळा थोपवून सुईणीला म्हणाली, "तू आधी च्या घे." लोक कौतुक करायचे. कौतुकाची चटक मोठी वाईट, म्हातारपणीही सुटत नाही.

दोन वर्षांमागं तिचा उजवा खांदा आखडला. अंबाडा बांधायला हात वर जाईना. तेवढ्यात भावाची लेक मयूरी सुट्टीला घरी आली. पोरगी बेळगावात फिजिओथेरपी शिकत होती. आखडलेले हातपाय मोकळे करायची विद्या.

"आत्ती, मी करते तुझा हात मोकळा. कॉलेजात कितींदा केलाय!"

"कुणाचा गं?"

"पुतळ्याचा. रबराचा हाय, आत यंत्र हाय. हात जास्ती वळला की कण्हतो, छातीवर तांबडा दिवा लागतो."

मयूरीची आई केशर हसली. "बघा, पुतळ्याला जीब हाय आन् आमच्या पुतळीला न्हाई!"

मयूरीनं आत्तीचा हात धरून हळूहळू वर नेला. "दुखतंय?"

"न्हाई गं."

आणखी वर. "आता?"

"न्हाई म्हटलं न्हवं?"

पुतळीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. पण पोरीचं तोंड असं फुललं होतं, की हिनं हसून दाखवलं. मग खांद्यात कट्कन वाजलं.

रामनगरच्या डॉक्टरनं हात गळ्यात बांधला आणि विचारलं, "कुणी ओढला?"

"म्हशीनं," पुतळी म्हणाली.

मयूरी शेजारीच उभी होती. बाहेर आल्यावर एवढंच बोलली, "मी इचारत होते न्हवं, आत्ती?"

हात जुळला, पण पुरता वर काही जाईना. मयूरी पास झाली आणि कॉलेजातच राहिली. नव्या मुलांना पुतळा चालवून दाखवते. आजाऱ्याच्या अंगाला हात लावत नाही.

यंदा गणेश चवथीला ती आली, तेव्हा पुतळी मुद्दाम तिला खेटून बसली. किती दिवस मनात घोळवलेलं एका दमात बोलून गेली, "मयूरी, खांदा दुखतोय गं. लई दुखतोय. बघ जरा."

चुलीपाशी केशरचा हात थांबला.

मयूरीचा हात उठला, अर्ध्यावर आला आणि परत मांडीवर गेला.

"डॉक्टरला दाखवू या, आत्ती. बाबांना सांगते गाडी काढायला."

"व्हय," पुतळी म्हणाली, आणि डाव्या हातानं पदर खांद्यावर ओढून घेतला.